सात नंबरची सुरी

नोंद : सात नंबर. खर्डा पहिला.

न मिटणारी सुरी, हातघडणीची. पातं साडेचार इंच, साधं पोलाद. मूठ अक्रोडाची, दोन पितळी रिव्हेट. म्यान नाही, पत्र्याच्या डब्यात, तेलाच्या फडक्यात ठेवलेली. मुठीजवळ ठसा, ठशाखाली आकडा ७. वय अडतीस वर्षं. वापराची खूण एकही नाही.
कर्ता :

या शेवटच्या शब्दापुढे मी तीन दिवस अडकून होते.

बाकीच्या चाळीस सुऱ्यांच्या नोंदी झाल्या होत्या. मी जुन्या हत्यारांची आणि हातघडणीच्या सुऱ्यांची किंमत ठरवते. लिलाववाले येतात, विमावाले येतात, वाटणीवरून तोंड न बघणारे भाऊ येतात. या वेळी गिऱ्हाईक घरातलंच होतं. माझी मावशी.

मावशी एकतीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर होती. लग्न केलं नाही, सोनं घेतलं नाही, सुऱ्या घेतल्या. मिटणाऱ्या चाकूकडे ती ढुंकून बघत नाही. "मान खाली घालून खिशात बसतं ते कसलं हत्यार," म्हणते. टोकापासून मुठीच्या बुडापर्यंत एकच पोलाद, मध्ये सांधा नाही, अशीच सुरी तिला हवी. आता एक्केचाळीस सुऱ्या ती एका तंत्रशाळेला देणार होती. शाळेने भिंत देऊ केली होती, काचेची कपाटं, वरून दिवे. अट एकच : प्रत्येक सुरीची लेखी नोंद हवी, आणि ती सुरी कुणी घडवली याची खात्री.

कर्ता हयात असेल तर आमच्या कामात रीत आहे. फोटो पाठवायचा, एक ओळ मागायची : होय, माझी. एक्केचाळीसपैकी सहा सुऱ्या मिस्त्रींच्या होत्या. मिस्त्री म्हणजे फार मोठं नाव. त्यांनी पाच फोटोंवर होकार लिहून पाठवला. सहाव्या फोटोमागे थरथरत्या अक्षरात एवढंच :

*ही माझी नाही.*

तीच सात नंबर. मावशीने आयुष्यात घेतलेली पहिली सुरी.

•

"म्हणजे मी खोटं बोलते?"

"मावशी, मी तसं म्हटलं का?"

"तोंडाने नाही म्हटलंस. नाकाने म्हटलंस. भिंग लावलं की तुझं नाक असं होतं. तुझ्या आईचं व्हायचं, दूधवाल्याचं माप बघताना."

"मी फक्त विचारते. पावती आहे?"

"अडतीस वर्षांपूर्वी पत्र्याच्या खोलीत उभं राहून घेतलेल्या सुरीची पावती? त्याच्या हाताला काजळी होती, ती माझ्या रुमालाला लागली. रुमाल दाखवू?"

"आहे?"

"नाही. धुतला. मला काय माहीत, माझीच भाची एक दिवस साक्षीपुरावा मागेल म्हणून."

ती उठून खिडकीशी गेली. पाठ वळवूनच म्हणाली, "बाकीच्या चाळीस खोट्या निघाल्या तरी चालेल गं. ही नको."

•

नोंद : सात नंबर. खर्डा दुसरा.

कर्ता : अज्ञात. ठसा एका प्रसिद्ध कारागिराच्या ठशाशी जुळतो. कारागिराने सुरी आपण घडवल्याचं नाकारलं आहे.

(हा कागद मावशीने वाचला, चार तुकडे केले आणि तुकडे माझ्या चहाच्या बशीत ठेवले. फेकले नाहीत. बशीत ठेवले.)

•

अहवालात न जाणारी टीप.

सुरी मिस्त्रींचीच आहे हे मला पहिल्या दिवशीच दिसलं होतं. मुठीपाशी पात्याच्या पाठीवर ते कानशीने चार बारीक खाचा करतात. तीन एका दिशेने, चौथी उलटी. हे त्यांनी कधी कुणाला सांगितलेलं नाही आणि नक्कल करणाऱ्यांना ते दिसतही नाही. ठशाचा डावा कोपरा तुटका आहे, तो त्यांच्या पहिल्या ठशाचा. याच ठशाच्या, एक ते सहा नंबरच्या सुऱ्या कुठे गेल्या कुणालाच ठाऊक नाही. म्हणजे सात नंबर ही त्यांची सापडलेली सगळ्यांत जुनी सुरी. शिवाय अस्पर्श. तिने आजवर काहीही कापलेलं नाही.

ज्या सुरीने काही कापलं नाही तिला सगळ्यांत जास्त किंमत. हे वाक्य मी वीस वर्षं लोकांना गंभीर चेहऱ्याने सांगत आले आहे. एकदाही कुणी हसलं नाही.

पुरावा अजून एक होता. मावशीच्या फायलीत वर्तमानपत्राचं पिवळं कात्रण : तरुण मिस्त्री, हातोडा उगारलेला, मागे पेटलेली भट्टी. तारीख ती सुरी घेतली त्याच आठवड्यातली. मी ते नोंदीला जोडणार होते.

प्रश्न उरला तो वेगळाच. स्वतःची सुरी माणूस स्वतःची नाही का म्हणेल?

•

रविवारी सकाळी आम्ही दोघी गेलो. डबा मावशीच्या मांडीवर. बसमधून उतरताना ती म्हणाली, "तू मध्ये तोंड घालू नकोस. आणि मी फारच बोलायला लागले तर घाल."

सायकल दुरुस्तीच्या दुकानामागे पत्र्याची खोली. ऐरण, वस्तू जबड्यात घट्ट धरणारा व्हाइस, विझलेली भट्टी, आणि घासायच्या यंत्रावर जुनी चादर टाकलेली, पाहुण्यांच्या पलंगावर टाकतात तशी. मिस्त्री दारात उभे. दोन्ही हात खिशात.

"या सिस्टर."

"हात खिशात घालून स्वागत करता होय?"

त्यांनी हात बाहेर काढले. दोन्ही थरथरत होते, उजवा जास्त. मावशीचा आवाज एकदम बदलला.

"किती दिवस झाले?"

"तीन वर्षं."

"गोळ्या?"

"घेतो."

"वेळेवर?"

"सिस्टर, तुम्ही भांडायला आलात की वॉर्डात राउंडला?"

"भांडायलाच आले." तिने डबा ऐरणीवर ठेवला, झाकण काढलं, फडकं उलगडलं. "ही कुणाची?"

त्यांनी सुरीकडे पाहिलं नाही. "फोटोमागे लिहिलंय."

"मी फोटोला विचारत नाही."

मी तोंड घातलं. खाचा सांगितल्या, चौथी उलटी. ठशाचा तुटका कोपरा सांगितला.

"ठसा काय, कुणीही करतो."

"तुटका कोपरासुद्धा?"

मग मी कात्रण काढून सुरीशेजारी ठेवलं. मिस्त्री वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले.

"हे अजून आहे तुमच्याकडे?"

"तुमच्याकडे नाही?" मावशीने विचारलं.

"फाडलं. आलं त्याच दिवशी." त्यांनी स्टूल ओढलं, बसले नाहीत. थरथरतं बोट कात्रणावर टेकवलं. "हा काय करतोय बघा. मिशा बघा. हनुवटी बघा."

"देखणे होतात की."

"तेच तर. आता याच्या मागे बघा."

मागे भट्टीत पांढरा ठिपका होता. मी तो छपाईचा डाग समजले होते.

•

त्यांनी जे सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत, मधले मावशीचे शेरे वगळून.

"भट्टीत दोन पाती होती, एक मधोमध, एक कडेला. तापवून तेलात बुडवायची, याला आम्ही पाणी देणं म्हणतो; पाणी नसतं त्यात, पण म्हणतो. सगळी सुरी त्या एका क्षणात होते. पातं तांबडं झालं, जरा नारिंगीकडे झुकलं, की काढायचं. पांढरं झालं की मेलं. पोलादाच्या आतला दाणा फुगतो. वरून काही दिसत नाही, पण पातं ठिसूळ.

"आणि नेमका पेपरवाला आला. म्हणाला हातोडा जरा वर घ्या. घेतला. म्हणाला हनुवटी खाली. केली. मग मीच म्हटलं, अजून एक काढा, या बाजूने. आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझा फोटो काढत होतं. वळून बघतो तर मधलं पातं पांढरं.

"घाबरून दोन्ही एकदम तेलात कोंबली. धूर गेला, बाहेर काढली, तर दोन्ही काळी, जुळी. मधलं कोणतं, कडेचं कोणतं, सांगता येईना. तरी घासली, मुठी बसवल्या. ठोकले आकडे, सात आणि आठ. मनाला सांगितलं, बघू, कदाचित दोन्ही ठीक असतील. माणूस स्वतःशी असंच बोलतो.

"दुसऱ्या दिवशी सिस्टर आल्या. बाकावर दोन होत्या. यांनी सात उचलली. म्हणाल्या, इतकी सुंदर वस्तू मी आजवर हातात धरली नाही. मी तोंड उघडलं होतं. मिटलं.

"त्या गेल्यावर आठ नंबर व्हाइसमध्ये धरून मोडली. तुटलेल्या जागी दाणा राखेसारखा बारीक. उत्तम पातं. मग सातचं काय ते वेगळं बघायला नको होतं."

•

"आणि मला सांगितलं नाहीत."

"वाटलं, पहिल्या आठवड्यात धार उडेल. तुम्ही भांडायला याल, मी माफी मागून दुसरी देईन. वाट बघितली."

"मी आले की. एकदा नाही, पाचदा."

"आलात. मी प्रत्येक वेळी विचारलं, ती सात कशी आहे?"

"आणि मी म्हणाले, दिलीत तश्शी आहे."

"हो! तोंडावर टोमणा मारत होतात."

"टोमणा?" मावशीने कपाळाला हात लावला. "अहो, मी खरंच सांगत होते! आणि तुम्ही दर वेळी किंमत कमी लावायचात. रस्त्यापर्यंत सोडायला यायचात. मला वाटायचं..."

"काय वाटायचं?"

"काही नाही."

"नाही, काय वाटायचं?"

"वाटायचं, मिस्त्रींचं माझ्यावर मन आहे. झालं? आता हसा."

मिस्त्री हसले नाहीत. कानापर्यंत लाल झाले, या वयात. "लाज वाटायची म्हणून यायचो, सिस्टर."

"छान. चार वर्षं मी नव्या साड्या नेसून येत होते, ते या माणसाच्या लाजेला भेटायला." ती माझ्याकडे वळली. "हे लिहू नकोस."

"पण धार अजून शाबूत कशी?" मिस्त्रींनी विचारलं. "जळलेलं पातं एवढी वर्षं टिकत नाही. काय कापलंत हिने?"

"काही नाही."

"म्हणजे?"

"काहीच नाही. दर महिन्याला तेल लावलं. जपली."

ते स्टुलावर बसले. "आणि मी अडतीस वर्षं समजतोय की सिस्टर तुटक्या धारेने रोज भाजी चिरतात आणि माझी अब्रू झाकतात." मग अगदी हळू, "सिस्टर, सुरी काय जपायला असते?"

मी भट्टीकडे बघत राहिले. हा प्रश्न मला नव्हता, पण माझं पोट त्याच्यावर चालतं.

•

"मग शाळेला कळवा ना, माझी नाही म्हणून," ते म्हणाले. "पाच दिल्यात, त्या चांगल्या आहेत. ही त्या भिंतीवर नको. तिथे पोरं पोलाद शिकणार. त्यांना दाखवणार, हे बघा, मिस्त्रींचं पहिलं काम. झाकली मूठ राहू द्या."

"म्हणजे मी नकली माल घेतला असं लिहून राहू दे? तुमची मूठ झाकायला माझी उघडी?"

मिस्त्रींनी डब्याचं झाकण उचललं, पुन्हा ठेवलं.

"आणि मुळात," मावशी म्हणाली, "हे पातं वाईट आहे हे तुम्ही आठ मोडून ठरवलंत. सातला कुणी विचारलं? पेशंट न बघता निदान करणारे डॉक्टर मी पुष्कळ पाहिलेत."

तपासायची सोपी पद्धत आहे. पितळेची कांब व्हाइसमध्ये आडवी धरायची, धार तिच्यावर तिरकी टेकवून दाबत न्यायची. चांगली धार किंचित वाकते आणि दाब सुटला की सरळ होते. मऊ असेल तर वाकलेलीच राहते. ठिसूळ असेल तर उडते. कांब बाकावरच पडली होती. मिस्त्रींनी ती व्हाइसमध्ये लावली. दांडा फिरवायला त्यांना दोनदा थांबावं लागलं. मग सुरीकडे हात नेला, आणि मागे घेतला.

"माझ्याने सरळ टेकणार नाही."

मावशीने सुरी उचलली.

"मावशी, नको!" मी ओरडलेच. "एकदा टेकवली की संपलं. अस्पर्श म्हणून लिहिता येणार नाही. अर्धी किंमत तिथेच..."

"तू मागे हो."

तिचा हात मी आयुष्यभर पाहिला आहे. सुईत दोरा ओवताना, माझ्या गुडघ्यातली काच काढताना. तो कधी हलत नाही. तिने धार कांबेवर टेकवली आणि दाबत नेली, सावकाश. पहिला इंच काही झालं नाही. दुसरा इंच. मिस्त्रींचे ओठ हलत होते. तेही आत कुठेतरी आशा धरून असावेत.

आवाज फार बारीक आला. नख तुटावं तसा.

धारेत चंद्रकोरीसारखा खड्डा. मी भिंग लावलं. तुटलेल्या जागी साखरेसारखे जाडे, चमकते कण.

"सांग," मावशी म्हणाली.

"जळलेलं आहे."

"बरं." तिने सुरी खाली ठेवली. "मिस्त्री, आता सांगा. कुणाची?"

"माझी," ते म्हणाले. "माझीच आहे, सिस्टर."

•

नोंद : सात नंबर. खर्डा तिसरा.

कर्ता : मिस्त्री (समक्ष कबुली).
दोष : पाणी देताना पातं जळलेलं, धारेची चाचणी झाली, खड्डा पडला.
सोबत : त्या दिवसाचं छायाचित्र, ज्यात पातं जळताना दिसतं.
किंमत : पूर्वीच्या अंदाजाच्या दीडपट.

हे मी तिथेच बाकावर बसून लिहिलं. मावशीने चष्मा लावून वाचलं.

"दीडपट? चुकून लिहिलंस का?"

"नाही. चांगल्या सुऱ्या पुष्कळ असतात. एवढ्या मोठ्या माणसाची सिद्ध झालेली चूक, तीही होतानाच्या फोटोसकट, दुसरी कुठे मिळणार? संग्राहक तुटून पडतील."

हे माझं खरं मत होतं. मी ते नेहमीच्याच आवाजात सांगितलं, आणि बोलता बोलता माझी नजर मिस्त्रींकडे गेली. ते कात्रणातल्या त्या मिशावाल्याकडे बघत होते. उद्या तो काचेमागे लागणार होता, वरून दिवा सोडून, खाली पाटी लावून.

"लिहा," ते म्हणाले. "खरं आहे ते लिहायलाच हवं."

विनवणी केली असती तर सोपं गेलं असतं. त्यांनी फक्त शर्टाचं वरचं बटण लावायचा प्रयत्न केला, ते लागेना, आणि सोडून दिला.

मावशीने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. शेवटी तिने विचारलं, "हिला बरं करता येतं?"

"येतं की." मिस्त्रींनी मान वर केली. "मूठ काढायची. पातं पुन्हा तापवून हळूहळू निववायचं, दोनतीनदा. फुगलेला दाणा परत बारीक होतो. मग पुन्हा पाणी द्यायचं, नीट. खड्डा घासून टाकायचा. पातं जरा अरुंद होईल, पण सुरी होईल."

"या हातांनी?"

"आग बघायला हात लागत नाहीत. डोळे लागतात, ते आहेत. चिमटा धरायला कुणीतरी हवं."

"मी धरीन."

"मावशी," मी म्हटलं, "तसं केलं तर ती सात नंबर राहणार नाही. जुनी मूठ गेली, मूळ घडण गेली. नोंदीत 'पुन्हा घडवलेली' असं लिहावं लागेल. मग तिची किंमत म्हणजे साध्या, वापरातल्या..."

"वापरातल्या सुरीएवढी. कळलं मला." तिने खर्डा तिसरा माझ्यासमोर सरकवला. या वेळी फाडला नाही. "शाळेला चाळीसच जातील. त्यांना कळव, मोजताना माझी चूक झाली. म्हातारी आहे, चालतं. ही माझ्या घरी राहील."

"घरी ठेवून काय करणार?" मिस्त्रींनी विचारलं.

"ते तुम्ही विचारता?"

मिस्त्री उठले. भिंतीवरच्या खिळ्यांवरून त्यांनी एक बारीक पंच काढला, रिव्हेट मागून ठोकून बाहेर काढायचा. आणि एक लहान हातोडी. बाकावर मांडली. मग आम्ही तिघेही त्या हत्यारांकडे बघत उभे राहिलो. मिस्त्रींच्या हातात हातोडी देऊन चालणार नव्हतं.

मावशीने सुरी फडक्यात गुंडाळून व्हाइसमध्ये आडवी बसवली आणि पंच मागच्या रिव्हेटवर उभा धरला. पंच जराही हलत नव्हता. "चल," ती मला म्हणाली.

"मी?"

"इथे अजून कोण आहे?"

मी आजवर शेकडो लोकांना सांगितलं आहे, हात लावू नका, पुसू नका, घासू नका, आहे तसं ठेवा. हातोडी हातात घेतल्यावर ती जड वाटली नाही, उलट हलकीच. पहिला घाव पंचावरून घसरला आणि अक्रोडाच्या मुठीवर बसला. लाकडात खोक पडली. मी डोळे मिटले.

"उघड डोळे," मावशी म्हणाली. "माझी बोटं आहेत तिथे."

"मनगटाने मार," मिस्त्री माझ्या खांद्यामागून म्हणाले. "दंडाने नको. आणि हातोडीकडे बघू नको, पंचाकडे बघ."

दुसरा घाव नीट बसला. पितळेची टिकली पलीकडून केसभर बाहेर आली.

"हालली," ते म्हणाले. "अजून एक."